बाबांसाठी जागा पाहताना

आई गेल्यावर बाबा रोज सकाळी विचारत, "ती कुठे गेली?"

सुरुवातीला मी खरं सांगितलं. त्यांच्या लक्षात ते राहत नसे, त्यामुळे दर वेळी ती बातमी त्यांना नव्यानेच कळायची आणि दर वेळी ते तितकेच कोसळायचे. मग मी खोटं बोलू लागले. बाहेर गेलीय, येईल इतक्यात. त्यावर ते बूट घालून दाराशी बसून राहत. एकदा मी कामावर असताना ते तिला आणायला म्हणून निघाले आणि दोन गल्ल्या सोडून एका न्हाव्याच्या दुकानात सापडले. न्हाव्याने त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं होतं, आणि बसलेच आहेत तर म्हणून दाढीही करून दिली होती.

घरात आईचं नाव निघणं बंद झालं. तिचा फोटो, चष्मा, शाल, सगळं मी कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिलं. प्रश्न टळावा म्हणून. प्रश्न टळला नाही, आई मात्र घरातून दुसऱ्यांदा गेली.

डॉक्टर म्हणाले, आता दिवसरात्र माणूस लागेल, तुम्हाला एकटीला झेपणार नाही, एखादं चांगलं नर्सिंग होम बघा. चांगलं म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितलं. न कळवता जा, जेवणाच्या वेळी जा, पाण्याचा पेला पलंगावरून हाताला लागतो का पाहा, घंटी वाजली की कोण उठतं आणि किती वेळाने उठतं ते पाहा. मी ऐकून घेतलं. मला पाहायचं होतं ते निराळंच होतं. बाबांनी सकाळी तो प्रश्न विचारला की तिथलं माणूस काय करेल?

बरोबर आत्या आली. बाबांची ही धाकटी बहीण तोंडाने फटकळ, आणि त्यात पाय मुरगळल्यामुळे हातात काठी. माझ्या भावाला कुठेही नेऊन टाकू देणार नाही, असं तिने मला फोनवरच बजावलं होतं.

पहिल्या ठिकाणी काचेचं दार होतं आणि टेबलावर ताजी फुलं. व्यवस्थापक बाईंनी माझ्या दंडाला धरून लंगडत येणाऱ्या आत्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून खालच्या आवाजात विचारलं, "आजींना स्वतःच्या हाताने जेवता येतं ना?"

मी खुलासा करणार तोच आत्याने मला चिमटा काढला आणि चेहरा एकदम भाबडा केला. पुढचा अर्धा तास ती पेशंट होती. आजी रात्री उठतात का, चिडतात का, कपडे खराब करतात का, सगळं मला विचारलं गेलं. आजींना कुणी काही विचारलं नाही. पलंगांवरच्या चादरींना सुरकुती नव्हती. हॉलमध्ये आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर म्हातारी माणसं ओळीने बसली होती. निघता निघता आत्या म्हणाली, "अहो बाई, आमचे हे कुठे गेले?"

"येतील हं आजी, येतील," बाई मोठ्याने म्हणाल्या. मग तिच्या डोक्यावरून मला म्हणाल्या, "हे विचारणं दोन दिवसांत थांबतं. आमचे डॉक्टर गोळी सुरू करतात." लिफ्ट आहे, बाग आहे, हे सांगितलं होतं त्याच सुरात.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "दोन दिवसांत मला गप्प करणार म्हणे ही. तुझ्या आतोबांना जन्मभर जमलं नाही."

असं फसवणं बरं नाही, असं मी म्हणून पाहिलं. त्यावर तिचं म्हणणं, भाड्याचं घर बघताना आपण नळ सोडून बघतोच ना, तसा मी नळ सोडून बघतेय. आतोबांना जाऊन खूप वर्षं झाली होती. त्यांचा असा उपयोग करायला तिला काही वाटलं नाही. निदान मला तसं दिसलं नाही.

दुसरी इमारत जुनी होती. जिन्याच्या कठड्याचा रंग हातांनी घासून गेलेला, फरशीला ठिगळं, उकडलेल्या भाज्यांचा आणि फिनाइलचा वास. इथल्या व्यवस्थापक बाई खांद्याशी फोन दाबून धरत मला वरची खोली दाखवायला घेऊन गेल्या. पाय दुखतोय म्हणून आत्या खालीच बसली. खोली अरुंद होती. खिडकीसमोर एका बेकरीची भिंत. कपाटाचं दार बंद राहावं म्हणून पुठ्ठ्याची घडी अडकवलेली. शेजारच्या खोलीत घंटी वाजली आणि बराच वेळ वाजत राहिली. शेवटी कुणीतरी धावत आलं. मी मनात नाही म्हणून टाकलं.

आम्ही जिना उतरत होतो. खाली आत्या एका मोठ्या टेबलाशी बसली होती. समोर एक मदतनीस बाई धुतलेल्या नॅपकिनांच्या घड्या घालत होती. अर्धा ढीग तिने आत्याकडे सरकवलेला होता.

"आमचे हे कुठे गेले हो?" आत्याने विचारलं. "अजून आले नाहीत."

"मला नाही माहीत," बाई म्हणाली. तिचे हात चालूच होते. "दिसतात कसे? आले तर मला ओळखता यायला हवं."

आत्याकडे काहीतरी चोख उत्तर तयार असणार, असं मला वाटलं. पण ती थांबली. "उंच," ती म्हणाली. "प्रत्येक दारातून वाकून जायचे. डोकं आपटेल इतके काही उंच नव्हते, पण त्यांना तसं वाटायचं."

बाई हसली. "आणि स्वभावाने?"

"भित्रे. कुत्र्यांना भ्यायचे, साहेबाला भ्यायचे, मला भ्यायचे."

आतून कुणीतरी हाक मारली. बाई उठली, माझ्या वाटणीचे तुम्ही संपवू नका म्हणाली आणि गेली. आत्या नॅपकिनावर हात ठेवून तशीच बसून राहिली. मला खाली जायला हवं होतं, पण मी गेले नाही. थोड्या वेळाने बाई परत आली. बाह्या ओल्या झाल्या होत्या.

"हं. तुम्हाला भ्यायचे. मग?"

"ते वारले," आत्या म्हणाली. "केव्हाच. मला काही झालेलं नाही. मी नाटक करत होते."

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या घडीकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "पण पुढचं सांगा."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या व्यवस्थापक बाई मात्र भडकल्या. आम्हाला कामं काय कमी आहेत, असं त्यांनी मला सुनावलं, आणि ते वाजवी होतं. मी माफी मागितली आणि घंटीचंही विचारलं. दुपारी एका मजल्यावर दोनच माणसं असतात, त्या म्हणाल्या, उशीर होतो; पटत नसेल तर दुसरीकडे बघा.

टॅक्सीत मी खोलीतला अंधार, ती भिंत, घंटी, सगळं बोलून दाखवलं. तिने ऐकून घेतलं.

"भिंतीचं काय, पडदा लावू," ती म्हणाली. "आणि दुपारची मी येऊन बसेन. इथेच ठेव त्याला." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मला त्यांच्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं गं."

पुढच्या आठवड्यात आम्ही बाबांना तिथे पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. तीच मदतनीस फोनवर आली. रात्री झोप नीट लागली नाही, ती म्हणाली, दोनदा उठले, चहा अर्धाच घेतला.

"काही विचारलं का त्यांनी?"

"विचारलं की. उठल्या उठल्या. मी म्हटलं, मला माहीत नाही, कशा आहेत त्या, सांगा." मग ती जराशी घुटमळली. "खूप बोलले. मध्येच डोळ्यांत पाणी आलं, पण बोलत राहिले. ताई, एक विचारू? बातम्या संपल्या की तुमच्या आई खरंच रेडिओवरच्या माणसाला 'बरं, या आता' म्हणायच्या?"

कामावर जायला उशीर झाला होता. मी पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.

"हो," मी म्हटलं. "आणि बातम्या वाईट असल्या तर म्हणायची नाही. म्हणायची, आज त्याला तसाच जाऊ दे."