न्यायाधीशाचा रोल कोणाचा

बोरीटोल्याच्या मंडईचं नाटक ठरवायला वीस वर्षं बकाराम लांजेवार वडसाला जात आला होता. यंदा त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला, म्हणून मंडई कमिटीनं केवळराम डोंगरवारला पाठवायचं ठरवलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नाटक कंपन्यांची ऑफिसं वडसाला. सौंदडला रेल्वेगाडीत बसायचं, वडसाला उतरायचं, नाटक ठरवून संध्याकाळी परत यायचं. काम काही अवघड नव्हतं.

केवळराम पन्नाशीचा. गावतळ्याच्या पाण्याच्या पाळ्या तोच लावायचा आणि त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं, एवढा त्याच्यावर गावाचा विश्वास. दरवर्षी नाटकाचा पडदाही तोच ओढायचा. पडदा ओढणाऱ्या माणसाला पडद्यापुढे उभं राहावंसं वाटत असेल, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या बायकोच्या, सुशिलाबाईच्याही नाही.

कमिटीच्या अध्यक्ष जमुनाबाई परशुरामकर. त्यांची मुलगी चेतना गोंदियाला वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती, सुट्टीत घरी आली होती. कमिटीच्या कागदावर तिनं अधिकारपत्र लिहिलं: श्री. केवळराम डोंगरवार यांना मंडईच्या दिवसासाठी कमिटीच्या वतीने एक कौटुंबिक नाटक ठरवण्याचा अधिकार आहे.

"आई, नाटकाचं नाव टाकू का?" तिनं विचारलं.

"कायले? भाऊजी काय लहान आहेत? तोंडानं सांगतो मी," जमुनाबाई म्हणाल्या आणि शिक्का मारला. मग केवळरामकडे वळून म्हणाल्या, "'सासरची चावी' आणजा. दुसरं कायी नको. बाया दोन सालापासून मागून राहिल्या."

"आणतो ना वयनी," केवळराम म्हणाला.

संध्याकाळी तो परत आला तो अनवाणी. कंपनीच्या दारात काढलेली चप्पल कुत्र्यानं पळवली होती. करारनामा मात्र खिशात नीट होता. नाटक होतं 'वर्दीला डाग'.

"'चावी' त्या दिवशी दुसऱ्या गावाले गेली," तो म्हणाला. "हेही बेस आहे. फौजदाराचं आहे."

बायांनी नाकं मुरडली. पण करार झाला होता, आणि केवळराम काही खोटं बोलणारा माणूस नव्हता. विषय तिथंच मिटला.

पुढच्या पंधरवड्यात सुशिलाबाईला नवऱ्याचं वागणं बिघडल्यासारखं वाटू लागलं. खळ्यावर धान चुरताना तो मधेच थांबायचा, छाती फुगवायचा आणि बैलांकडे बघून म्हणायचा, "सर्व पुरावे तपासल्यानंतर हे न्यायालय अशा निष्कर्षाप्रत आले आहे." एकदा वासरानं दोरी तोडली, तर त्यानं त्याला जन्मठेप दिली. सुशिलाबाईनं एकदोघींना विचारलं, देवाचं काही पाहायचं का म्हणून. कोणाला काही सुचलं नाही.

उलगडा पोस्टरांनी केला. मंडईला आठ दिवस राहिले असताना एसटीच्या कंडक्टरनं पोस्टरांचा गठ्ठा जमुनाबाईंच्या ओसरीवर टाकला. त्यांनी एक उलगडलं. वर पिस्तूल रोखलेला फौजदार, खाली रडणारी बायको, आणि अगदी कोपऱ्यात, मतदार कार्डावर असतो तसला, केवळरामचा फोटो. शेजारी छापलं होतं: न्यायाधीशाच्या भूमिकेत, आपल्याच गावचे केवळराम डोंगरवार.

जमुनाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग चेतनाला हाक मारली.

दुपारी समाजमंदिरात कमिटी बसली. अर्धं गावही बसलं. केवळराम खांबाला टेकून मान खाली घालून होता. चेतनानं वडसाला कंपनीच्या मालकाला, योगराजला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"योगराजभाऊ, 'सासरची चावी' त्या दिवशी खाली होती का?"

"खालीच होती. अजूनबी आहे. पण तुमच्या माणसानं 'वर्दी' पसंत केली."

"काऊन?"

योगराज म्हणाला, "'चावी'त बायाच बाया आहेत, त्यात याले रोल नोता. 'वर्दी'त जज आहे. 'वर्दी घेतली तर जजचा रोल तुमाले,' असं मी म्हणलं. लपवायचं काय त्यात?"

समाजमंदिरात हसू फुटलं. बकारामला मात्र राग आला. वीस वर्षं त्यानं कधी कोणाचा चहासुद्धा घेतला नव्हता. "करार मोडून टाका," तो म्हणाला. "आमी 'चावी' सांगतली होती. यानं मनानं केलं. आमच्यावर नाई बंधन."

"कागद माझ्यासमोर आहे," योगराज फोनवरून म्हणाला. "कौटुंबिक नाटक, शिक्का, सही. 'वर्दी'त फौजदाराले आई आहे, बायको आहे, साळा आहे. अजून किती कुटुंब पायजे? तुमी घरात काय बोलले ते मले कसं समजन? पोस्टरबी छापून झाले आता."

सगळे चेतनाकडे बघू लागले. कॉलेजात जे नुकतंच शिकलं ते गावात इतक्या लवकर कामी येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"त्यांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "आपण केवळरामकाकाले आपला माणूस म्हणून पाठवलं. कागदावर जेवढा अधिकार दिसते, तेवढा बाहेरचा माणूस खरा धरते. तोंडी सांगतलेलं त्याले माहीत नसन, तर त्याच्यावर ते चालत नाई. करार आपल्याले पाळाच लागन."

"मी म्हणलोच होतो," केवळराम खांबापासून हळूच बोलला.

"थांबा काका. हे बाहेरचं झालं. तुमचं आणि कमिटीचं आतलं वेगळं आहे. तुमाले जे सांगतलं ते करणं तुमचं कर्तव्य होतं. कमिटीपासून लपवून स्वतःचा फायदा घेता येत नाई."

"मी एक रुपया खाल्ला असन तर दाखव."

"फायदा पैशाचाच असते असं नाई. कमिटीच्या कामात तुमाले गुपचूप जे भेटलं, ते कमिटीचं होते."

जमुनाबाईंनी मान वर केली. "म्हणजे तो रोल कमिटीचा?"

चेतना जरा अडखळली. पुस्तकात दलाली, जमीन, माल अशी उदाहरणं होती. न्यायाधीशाचा रोल कुठंच नव्हता. "म्हटलं तर कमिटीचा," ती म्हणाली. "योगराजभाऊ देत असतील तर."

"मले काय," योगराज म्हणाला. "जजले बसूनच राहाचं आहे. अकरा वाक्य आहेत. कोणीबी बसा."

केवळरामच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तो खांब सोडून पुढे आला. "चेतना, त्या तुझ्या कायद्यात माझं कायीच नाई का? सारं कमिटीचंच?"

"आहे ना. कमिटीचं काम सरळपणानं करताना तुमचं नुकसान झालं, तर कमिटीनं ते भरून द्यावं लागते."

"माझी चप्पल गेली."

यावर बरीच चर्चा झाली. बकारामचं म्हणणं, चप्पल लबाडी करताना गेली. चेतनानं विचारलं, चप्पल रोल ठरायच्या आधी गेली की नंतर? केवळराम म्हणाला, आत शिरल्या शिरल्या, नमस्काराच्याही आधी. योगराजनं फोनवरून दुजोरा दिला. कुत्रा त्याच्याच गल्लीतला होता. कमिटीनं केवळरामला नवी चप्पल मंजूर केली.

रोल कोणी करायचा, हे बायांनी ठरवून टाकलं. "वयनी, साऱ्या गावाले तुमीच तर बोलता," एकीनं सांगितलं. "खुर्चीवर बसून बोला आता." जमुनाबाईंनी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा साडी कोणती नेसायची ते विचारलं. योगराजचं म्हणणं, आजकाल बायाही जज असतात, काळा कोट कंपनी देईल.

अडचण पाठांतराची झाली. जमुनाबाई भांडणात तासभर बोलल्या तरी शब्द चुकत नसे, पण ही अकरा वाक्यं त्यांच्या जिभेवर टिकेनात. 'निष्कर्षाप्रत' हा शब्द तर त्या दर वेळी वेगळाच म्हणायच्या. गावात ती वाक्यं तोंडपाठ असणारा एकच माणूस होता. शेवटी त्या स्वतः केवळरामच्या खळ्यावर गेल्या.

"भाऊजी, टेबलाखाली बसून मले वाक्य सांगा."

"हे कमिटीचं काम आहे का?"

"आहे."

"मंग बसाच लागन," केवळराम म्हणाला. चेहरा त्यानं साधाच ठेवला होता.

मंडई झाली. दिवसभर दुकानं, दंडारीचे नाच, पाळणे, मग नाटक. तिसऱ्या अंकात कोर्टाचा पडदा उघडला तेव्हा जमुनाबाई काळ्या कोटात खुर्चीवर होत्या आणि टेबलाच्या झालरीमागे केवळराम उकिडवा बसला होता. पहिली आठ वाक्यं सुरळीत पार पडली. खालून कुजबुज यायची, वरून खणखणीत आवाज निघायचा. नववं वाक्य होतं ते फौजदाराला निर्दोष सोडण्याचं. जमुनाबाई थांबल्या. खालून काही आलं नाही. त्यांनी पायानं टेबलाखाली ढोसलं. तरी काही नाही.

पिंजऱ्यात उभा असलेला फौजदार त्यांच्याकडे बघत होता. कोपऱ्यात त्याची नाटकातली बायको पहिल्या अंकापासून रडत होती तशीच रडत होती. जमुनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि कोटाच्या बाह्या मागे सारल्या.

"फौजदारसाहेब," त्या म्हणाल्या, "तुमी पैसे खाल्ले नाई, हे कोर्टाले समजलं. पण ही बाई तीन अंकापासून रडून राहिली. तुमी एकदा तरी तिले पाणी विचारलं काय?"

नटाला हे वाक्य माहीत नव्हतं. त्यानं विंगेत उभ्या असलेल्या योगराजकडे पाहिलं. योगराजनं दोन्ही हात हवेत उडवले. "नाही विचारलं, बाईसाहेब," नट शेवटी खरं तेच बोलला.

"मंग लाचेच्या गुन्ह्यातून सुटका. आणि या गुन्ह्यासाठी सहा महिने घरचा भात तुमीच रांधायचा. रविवारी भाजीपण."

बायांच्या बाजूनं जो गलका उठला तो पाच मिनिटं थांबला नाही. नाटकातली बायको पदरात तोंड घालून हसत होती. लाच खरी खाणाऱ्या साळ्याला अटक व्हायची राहूनच गेली, पण तेही कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केवळराम जमुनाबाईंच्या ओसरीवर आला. नवी चप्पल त्यानं पायरीपाशी काढली.

"वयनी, मी जाणूनबुजून गप राहिलो."

"मालूम आहे. खालून तुमचा श्वास आयकू येत होता."

"माझ्या वाक्यावर तुमाले टाळ्या पडल्या असत्या, ते मले पाहावलं नसतं."

"मंग पडल्याच ना."

"तुमच्या वाक्याले पडल्या. त्याचं मले कायी नाई वाटलं. मी खाली हसून राहिलो होतो." मग तो म्हणाला, "पण कमिटीच्या कामात मी दुसऱ्यांदा दगा केला. ते सांगाले आलो."

जमुनाबाईंनी त्याला चहा दिला. चिडायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही.

तेवढ्यात योगराजचा फोन आला. अर्जुनीला चार दिवसांनी 'वर्दी'चा प्रयोग होता, आणि त्याला जज म्हणून जमुनाबाईच पाहिजे होत्या, भाताच्या शिक्षेसकट.

"माझा धान खळ्यावर पडला आहे," जमुनाबाई म्हणाल्या. "आणि रोल कमिटीचा आहे. कमिटी केवळरामभाऊले पाठवून राहिली. अकराही वाक्य त्याले येतात." फोन ठेवून त्या केवळरामला म्हणाल्या, "जा. यावेळी लपवाले कायी नाई."

केवळराम अर्जुनीला गेला. त्यानं अकरा वाक्यं एकही अक्षर न सोडता म्हटली. टाळ्या पडल्या नाहीत. फौजदार सुटला तेव्हा लोक फौजदारासाठी ओरडले. पण केवळरामला काही कमी वाटलं नाही. सकाळच्या गाडीत तो जज होऊनच बसला, कंपनीचा काळा कोट अंगातच, आणि जागरणानं असा झोपला की सौंदड कधी गेलं ते कळलंच नाही. जाग आली ती गोंदियाला.

स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर तो उभा राहिला. टपरीवाल्या मुन्नालालनं कोट बघून बाकावरचं पाणी पुसलं.

"बैठिए वकीलसाब," तो म्हणाला. "एक बात पूछनी थी. साले को मैंने प्लॉट देखने भेजा, उसने अपने नाम से ले लिया. अब क्या होगा?"

केवळरामनं चहाचा घोट घेतला. आपण वकील नाही, हे सांगायला त्याचं तोंड उघडलं होतं. पण प्रश्नाचं उत्तर त्याला येत होतं.

"साले को भेजा किसने था?" त्यानं विचारलं आणि बाकावर जरा ऐसपैस बसला.