लोसालिनेचा बुधवार

"थांब! सामीऊ, थांबव म्हणते ना!"

मी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो. मागचा वजनकाटा घरंगळत येऊन माझ्या सीटवर आदळला. रस्त्यावर डुक्कर नाही, पोर नाही. पांढऱ्या वाळूच्या वाटेनं समोरून फक्त फिलिमोने येत होता, खांद्यावर वल्हं टाकून, दुपारच्या उन्हात पाण्यातून चालल्यासारखा सावकाश. फिलिमोने म्हणजे लोसालिनेचा थोरला भाऊ.

मी मान वळवेपर्यंत लोसालिने दार उघडून खाली उतरलीसुद्धा. चाफ्याच्या झाडाआड पाठ करून उभी राहिली.

"त्याला घरी सोड," ती झाडालाच सांगितल्यासारखं म्हणाली. "मी येते चालत."

यात नवल काही नाही. आमच्या हापाईच्या बेटांवर वयात आलेले भाऊबहीण एका छपराखाली झोपत नाहीत, एका गाडीत बसत नाहीत. अंगाचं, दुखण्याखुपण्याचं बोलणं निघालं आणि दोघंही तिथं असले, की एकानं उठून जायचं. याला कुणी भांडण म्हणत नाही, मान म्हणतात. त्यातही बहिणीचा मान वरचा. शेतातलं पहिलं, सगळ्यात जाडजूड कोनफळ भावानं तिच्याकडे पोचवायचं. फिलिमोने दर हंगामाला पोचवायचा, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून.

"डॉक्टरांची गाडी ना ही?" तो चढता चढता म्हणाला. "मला धरून न्यायला आलास की काय?"

"तुला न्यायला क्रेन लागेल बाबा."

तो हसला. पोट हलेपर्यंत हसला. उजव्या पावलाला त्यानं कापड गुंडाळलं होतं आणि त्यातून पिवळट ओल वर आली होती.

"काय रे हे?"

"प्रवाळ लागलं मासे धरताना. झाले बरेच दिवस. पण दुखत नाही अजिबात."

त्याला सोडून परत आलो, तोवर लोसालिने अर्ध्या वाटेत आली होती. गाडीत बसली, आमच्याकडे मान म्हणून कमरेला गुंडाळतात ती चटई सारखी केली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या पायाचं काय म्हणाला? दुखतो?"

मला वाटलं, चांगली बातमी देतोय. "छे! अजिबात दुखत नाही म्हणाला."

तिनं डोळे मिटून घेतले. "साखर असलेल्या माणसाला जखम दुखत नाही ना सामीऊ, ते सगळ्यात वाईट. पाय जातो अशानं. बाबांचा गेला तसा."

मी गाडी चालू केली. समुद्र दोन्ही बाजूंनी चमकत होता, आमचं बेटच एवढं अरुंद आहे.

लोसालिनेच्या हुद्द्याला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. गाव तिला साखरबाई म्हणायचं. न्यूझीलंडहून एका विद्यापीठाचा अभ्यास आला होता: आमच्यात साखर इतकी का वाढली आणि लोकांचे पाय, डोळे वाचवायचे कसे, हे शोधायला. डॉक्टर पेनी, परिचारिका, वजनकाटा, सुया असं सगळं आलं; माणसं मात्र येईनात. "रक्त घेऊन जातात, परत काय आणतात?" असं म्हातारे विचारत. ते काही खोटं नव्हतं. मग लोसालिनेला मध्ये घातलं. तिनं पहिली अट घातली ती हीच, की ज्याचं रक्त त्याला त्याचा निकाल आधी कळला पाहिजे, आपल्या भाषेत, चर्चच्या सभागृहात, चहा पिता पिता. चहा बिनसाखरेचा. त्या चहावरून गावानं तिला काय काय ऐकवलं, विचारू नका.

आणि तिचा बुधवार. जुन्या खोबऱ्याच्या गोदामात आमचं छोटं रेडिओ केंद्र आहे. बुधवारी संध्याकाळची घंटा झाली की ती तिथं बसून बोलायची. एरवी ही बाई आवाज चढवायची नाही. लग्न केलं नाही, आईचं म्हातारपण काढलं, चटया विणल्या. तिला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं. पण माइकसमोर बसली की तिचा आवाज असा काही उमलायचा, की गाडीत बसल्या बसल्या माझी तंद्री लागायची. आमच्याकडे घरं सताड उघडी असतात. त्या वेळी गावातून चालत निघालं तर एका दारातून सुरू झालेलं वाक्य दुसऱ्या दारात पुरं व्हायचं, एक शब्द चुकायचा नाही. मला तो आवाज आवडायचा. बायकोला माहीत आहे, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

माणसं हळूहळू यायला लागली. आधी बायका, मग बायकांनी ढकललेले नवरे, मग चर्चमधले बुजुर्ग. फिलिमोने आला नाही.

परिचारिका त्याच्या घरी जाऊन आली. त्यानं तिला बसवलं, शहाळं दिलं, "येतो हां" म्हणाला. पुन्हा गेली, पुन्हा "येतो हां." आमच्यात घरी आलेल्याच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत. म्हणून तो प्रत्येक वेळी मनापासून हो म्हणायचा आणि यायचा नाही.

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना," एकदा डॉक्टर पेनी लोसालिनेला म्हणाल्या. "सख्खे भाऊ ना तुमचे?"

सगळं सभागृह खाली बघायला लागलं. कुणीतरी खोकलं. पेनीबाई जन्मल्या इथंच, वाढल्या तिकडं. त्यांचे कान लाल झाले. "अगं बाई! आईनं हे ऐकलं असतं तर बदडलं असतं मला," त्या म्हणाल्या आणि मग सगळेच हसले. लोसालिनेही हसली.

गाडीत बसल्यावर मात्र म्हणाली, "मी सांगतेच आहे की त्याला."

"कधी?"

"दर बुधवारी. कुणासाठी बोलते मी असं वाटलं तुला?"

मी चावी तशीच धरून तिच्याकडे वळलो.

"घरी एकटा असतो. संध्याकाळी बोटींच्या वेळा ऐकायला रेडिओ लावतो, सगळं गाव सांगतं. मी त्याचं नाव घेत नाही, पायाचंही एकदम बोलत नाही. बाकीचे ऐकतात तो आपला फायदा." मग खालच्या आवाजात, "येत का नाहीये पण? मी घाबरवतेय का रे त्याला? जास्त गोड बोलू का?"

ती गोड बोलून बघायची. मग जरा दटावून बघायची. कधी वडिलांच्या आठवणी सांगायची. गाव म्हणायचं, साखरबाई काय रंगात आलीय! आणि ती दर शुक्रवारी तपासणीच्या वेळी दारावर उभी राहून वाटेकडे बघायची.

एका बुधवारी तिला केंद्रावर सोडून मी फिलिमोनेकडे गेलो, त्याचं जाळं द्यायला. तो दारात बसला होता. आत रेडिओवर बोटींच्या वेळा चालल्या होत्या. आकाश आंब्याच्या रंगाचं झालं होतं आणि भरतीचं पाणी माडांच्या मुळांशी येऊन नुसतं उभं होतं. मग घंटा झाली, आणि त्या खोक्यातून लोसालिने म्हणाली, "माझ्या माणसांनो, कसे आहात?"

फिलिमोनेनं काठी घेतली आणि उठून चालू लागला.

मला वाटलं, लघवीला गेला असेल. पण तो लंगडत थेट वाळूवर गेला आणि उलट्या घातलेल्या होडीवर जाऊन बसला. मी मागोमाग गेलो.

"अरे, कार्यक्रम लागला."

"म्हणून तर आलो."

"म्हणजे?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू गावाचं नाव विसरलेला माणूस असावा मी. "लोसालिने बोलते ना? आणि सगळं अंगाचंच बोलते. मी काय तिथं बसून ऐकू?"

"ती कुठं आहे तिथं? खोकं आहे ते."

"आवाज तिचाच ना?"

"मग बंद का करत नाहीस?"

"बहिणीला गप्प करू?" फिलिमोने म्हणाला. "माझ्या घरात?"

मी त्याच्या शेजारी होडीवर टेकलो. मागं त्याच्या रिकाम्या घरात ती बोलत होती, पण लाटांच्या आवाजात शब्द कळत नव्हते, फक्त कुणीतरी मायेनं समजावतंय एवढंच कळत होतं. त्याचं कापडातलं पाऊल पाण्यात होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"चांगली बोलते म्हणतात," तो म्हणाला. "गाव म्हणतं. मी एकदाही ऐकलं नाही. कशी बोलते रे?"

"छान बोलते."

"आईसारखी बोलत असेल."

ती कुणासाठी बोलते, ते मात्र मी सांगितलं नाही. बहीण दर आठवड्याला आपल्या पायाबद्दल बोलते हे त्याला कळलं असतं, तर तो शरमेनं चर्चमध्ये यायचा बंद झाला असता. आणि खरं सांगू? हे आमच्यातल्या कुणाच्याही पहिल्याच दिवशी लक्षात यायला हवं होतं. लोसालिनेच्या तर आधी. पण तिला वाटलं, रेडिओ म्हणजे मधला माणूस. आपला निरोप तो जाऊन सांगेल. निरोप घेऊन तीच त्याच्या घरात शिरत होती, आणि तो मान राखून बाहेर पडत होता.

केंद्रावर पोचलो तेव्हा ती पायरीवर उभी होती. चेहरा नुसता फुलला होता. "आज जमलं बघ सामीऊ! आज ऐकलं असेल त्यानं."

मी सांगितलं. सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ती पायरीवरच बसली. बराच वेळ बोटं वाळूतून फिरवत राहिली. "बरोबरच आहे त्याचं," मग म्हणाली. "मीपण उठून गेले असते." आणि रडायला लागली, मोकळं, पोरीबाळी रडतात तशी. मला इतकं वाईट वाटलं, की मी उगाचच जाऊन गाडीची काच पुसत बसलो.

परत आलो तर तिनं डोळे पुसले होते. "पुढच्या बुधवारी तू वाच."

"मी? अगं, मी गायला लागलो की पाद्रीबुवा खूण करतात, पुरे म्हणून!"

"तुझं तो ऐकेल."

"आणि तू?"

"मी लिहीन," लोसालिने म्हणाली.

पहिल्या बुधवारी मी पहिलीच ओळ दोनदा वाचली. गावानं आठवडाभर सोलून काढलं. "साखरबाईला पडसं झालं का गं?" "नाही, मिशा फुटल्या!" माझ्या बायकोनं तर रेडिओवर उशी ठेवली म्हणे. पण मी वाचलं. लोसालिनेनं लिहिलं होतं, होडी वाळूवर ओढून घेतली की आपण तिचं बूड हातानं चाचपतो, कुठं काय लागलंय ते बघायला. होडी काही बोलत नाही, तिला दुखत नाही. म्हणून आपण बघायचं सोडतो का? पायाचंही तसंच. लवकर आलात तर कापायचं टळतं. हे शेवटचं वाक्य तिनं मला परत एकदा वाचायला लावलं होतं.

शुक्रवारी फिलिमोने आला. अंगात चर्चचा सदरा, कमरेला चटई, हातात काठी. दारात उभं राहून म्हणाला, "होडी दाखवायला आणलीय."

मी मागं वळून बघितलं. लोसालिने हातातली चहाची किटली खाली ठेवून मागच्या दारानं निघून गेली होती.

पेनीबाईंनी कापड सोडवलं. आत नको तितका वास भरला. त्या तपासत होत्या, तो छपराकडे बघत होता, आणि खिडकीतून मला लोसालिने दिसत होती. ती चर्चमागच्या थडग्यांच्या पलीकडे, भर उन्हात, आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिनं एकदाही वळून बघितलं नाही.

मी तिच्याकडे गेलो. "दोन बोटं जातील. पाय राहील म्हणतात डॉक्टर. सोमवारच्या बोटीनं न्यायचं."

तिनं मान हलवली. "भूल देतील ना?"

"देतील."

"मग तू जा त्याच्याबरोबर. एकटा घाबरतो तो. लहानपणी अंधारातसुद्धा..." ती थांबली. तेवढंही बोलायला नको होतं, असा तिचा चेहरा झाला.

दोन बोटं गेली, पाय राहिला. फिलिमोने परत आला, पुन्हा मासे धरायला लागला, आणि औषधाच्या गोळ्यांना शिव्या देत देत त्या घ्यायला लागला. केंद्राची माणसं लोसालिनेकडे आली. म्हणाली, भाऊ बरा झाला, आता तुम्ही परत बसा, लोकांना तुमचा आवाज हवाय.

"म्हणजे तो परत जाऊन वाळूवर बसणार," ती म्हणाली. "अजून आठ बोटं राहिलीत त्याची."

ती पुन्हा त्या खुर्चीवर बसली नाही. तिला आयुष्यात मिळालेली ती एवढीच गोष्ट होती, आणि ती तिनं माझ्यासारख्या घोगऱ्या ड्रायव्हरच्या हातात देऊन टाकली. मला त्याचं फार वाईट वाटतं. अजून वाटतं. बुधवारी ती केंद्राबाहेर माझ्या गाडीत बसते, दार उघडं ठेवून, आणि स्वतःचंच लिहिलेलं माझ्या आवाजात ऐकते.

मागच्या बुधवारी तिच्या कागदात मध्येच एक ओळ आली. वर भाजीपाल्याचं होतं, खाली चालण्याच्या व्यायामाचं होतं, आणि या दोहोंच्या मध्ये फक्त एवढंच: "आता बरं वाटतंय ना?"

मी ते वाचलं. काचेतून बाहेर बघितलं. ती मान जराशी खाली घालून, अगदी स्तब्ध बसली होती. गावातल्या उघड्या दारांमधून माझा आवाज जाऊन थांबला होता. पुढची ओळ मी लगेच वाचली नाही. एका माणसाला आपल्या घरात बसून उत्तर द्यायला लागेल, तेवढा वेळ थांबलो. मग पुढचं वाचलं.