मुलींना पाचच

तिशीला आलेल्या तेजलनं एम.एड.च्या प्रबंधाला विषय घेतला तो सोपा म्हणून. शिक्षक गृहपाठ कसा देतात आणि मुलं तो कसा करतात, एवढंच पाहायचं. शाळाही घरचीच म्हणायची. पालेगावच्या पुढच्या या गावशाळेत तिचे वडील, राजेंद्र सर, एकतीस वर्षं पाचवीला शिकवत होते. सरांना नावं ठेवणारा माणूस त्या भागात शोधून सापडला नसता, आणि लेकीला त्याचा भारी तोरा.

वह्या तपासायला बसली आणि ती चक्रावली. मुलांच्या वह्यांत रोज दहा गणितं, मुलींच्या वह्यांत पाच. सहावं कुठेच नाही. मुली कामचुकार, असं तिनं टिपून टाकलं. मग मुलांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या उघडल्या. ‘गृहपाठ पूर्ण करतेस का?’ झाडून सगळ्या मुलींनी ‘हो’ लिहिलं होतं.

तिनं पहिल्या बाकावरच्या सरूला विचारलं.

“आम्हाला पाचच असतात ताई. मुलींना घरी काम असतं ना.”

सोपी गणितं आधी आणि अवघड शेवटी, ही सरांची जुनी पद्धत. शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीत अकरा नावं होती, सगळी मुलांची. सरूला बसायचं होतं, पण अवघड गणितं येत नाहीत म्हणून सरांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. अर्ज भरायला आठच दिवस उरले होते.

संध्याकाळी तेजल सरूच्या आईकडे गेली. हर्षदा ही तिचीच वर्गमैत्रीण, आता उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या कारखान्यात जीन्स शिवायला जाते. चहा टाकता टाकता तिनं सरांचं तोंड भरून कौतुक केलं.

“आपल्या टायमाला पण आम्हाला पाचच द्यायचे. मला पाणी भरायचं असायचं ना. तुला म्हाईत नाय? तुझी वही वेगळी असायची.”

तेजलला आपली पाचवी आठवली. त्या वर्षी ती मुलींत पहिली आली होती. शिष्यवृत्तीला बसलेली वर्गातली एकुलती एक मुलगी तीच.

घरी येऊन तिनं वडिलांना विचारलं. ते जराही गडबडले नाहीत. पोरी दमलेल्या असतात, त्यांच्या जिवाला आणखी घोर कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांची माया खरी होती आणि नेमकं तेच तिला सहन होईना.

“मग बाबा, मला दहा का दिलीत?”

सरांना प्रश्नाचंच नवल वाटलं.

“तू माझी मुलगी ना.”

 रात्री तिनं टिपणातलं ‘मुली कामचुकार’ खोडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं सरूला जवळ घेतलं आणि तिच्या वहीत पाचव्याखाली सहावं गणित लिहिलं. सरूनं ते वाचलं, आजूबाजूला पाहिलं आणि वही हळूच मिटली.

“ताई, हे पोरांचं आहे. सरांना वाईट वाटेल.”