मागे, मावशी

लाकडाच्या वखारीत ओंडके ओढायला यंत्रं आली आणि आमच्या हत्तिणीला राष्ट्रीय उद्यानात सोडून दिलं, त्याला चौदा वर्षं झाली. तिला सगळे मावशी म्हणत, मालकसुद्धा. मी तिचा माहूत. आता डोळ्यांवर पडदा येतोय. पुरता अंधार व्हायच्या आत तिला एकदा बघावं, म्हणून लेकीच्या मागे लागलो.

"बाबा, ती ओळखेल तुम्हाला?"

"तुझी आई बाजारात ओळख दाखवत नसे. ही दाखवेल."

जीपमध्ये पुढे वनरक्षक बसला होता. निघतानाच त्याने बजावलं, "हाका मारायच्या नाहीत, खाली उतरायचं नाही." हरणं दिसली, गवे दिसले. लेक फोटो काढत होती. माझा जीव पुढच्या वळणावर.

पाणवठ्यावर कळप उभा होता. फाटक्या डाव्या कानावरून मी तिला ओळखलं. अंगाने चांगली भरली होती. तिचं थोराड पिल्लू तिला अंग घासत उभं होतं. साखळीचा वणही बुजला असावा, मला तरी दिसला नाही. एवढं बघून परतायला हवं होतं. पण जिभेवर ताबा राहिला नाही. वखारीत रोज सकाळी करायचो तसा टाळूवर टक्क आवाज केला.

ती वळली. कळप सोडून थेट जीपपाशी आली आणि मला चढता यावं म्हणून पुढचा पाय दुमडून उभी राहिली.

"ओळखलं! बाबा, ओळखलं तिने!" लेकीला रडूच फुटलं.

वनरक्षक मात्र पांढराफटक पडला होता. "आजोबा, काय केलंत हे? गाडीपाशी येणारा हत्ती आम्ही मोकळा ठेवत नाही. उद्या भलत्याच गाडीवर गेली तर?"

"चूक माझी आहे हो. तिची नाही."

"कुणाची का असेना, कुंपणात तीच जाणार."

"आणि पिल्लू?"

"त्याचं दूध सुटलंय. ते कळपात राहील."

मी जीव तोडून ओरडलो, "मागे, मावशी! मागे!"

तिने पाय खाली ठेवला आणि मागे सरकू लागली. मला वाटलं, सुटली. तेवढ्यात वनरक्षकाने वही काढली. "अजून हुकूम ऐकते," असं पुटपुटत त्याने तेही लिहून घेतलं.

मी तोंडावर हात दाबून धरला. 'थांब' म्हटल्याशिवाय थांबायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. पिल्लाकडे न बघता, झुडपं मोडत, ती मागे मागे जात राहिली.