सहा श्रोते, सव्वीस मिनिटे

सकाळी अकरा वाजता आबांच्या ओसरीवर लग्नपत्रिकांचे चौदा गठ्ठे होते. प्रत्येकात पन्नास, एकात मात्र एकोणपन्नास, म्हणजे एकूण सहाशे नव्याण्णव पत्रिका. कुंकवाच्या वाट्या तीन, हळदीची एक. बायका पाच. आणि पत्रिकेवरचा तो काळापांढरा चौकोन कशासाठी आहे हे ठाऊक असलेल्या बायका शून्य. शेवटचा आकडा मला त्या दिवशी माहीत नव्हता, तो पुढे मोजावा लागला.

पितांबर आबा माझे मोठे काका, अमळनेरचे निवृत्त मुख्याध्यापक. लग्न त्यांच्या मुलाचे, युवराजचे होते, पण पत्रिका आबांची होती. निवृत्तीनंतर त्यांनी घरच्या कोठीत गाद्या उभ्या करून ‘पितांबरवाणी’ नावाची श्राव्यमालिका ध्वनिमुद्रित केली होती. भाग चोवीस, प्रत्येक चाळीस मिनिटांचा, विषय आबांना सुचेल तो. जळगावला एप्रिलअखेर श्राव्य साहित्याचे पहिले संमेलन भरणार होते आणि अध्यक्षपदासाठी दोनच नावे उरली होती, अमळनेरचे आबा आणि धुळ्याचे लोटन नाना. नाना बियाण्यांचे दुकान चालवतात आणि गल्ल्यावर बसून फोनमध्ये गोष्टी सांगतात. ते आबांच्या मते साहित्य नव्हते.

मंडळाचे पत्र मी वाचले होते. त्यात लिहिले होते की पंचवीस तारखेला ज्याचे सरासरी श्रवण जास्त, तो अध्यक्ष.

“आबा, इथं सरासरी म्हटलंय,” मी सांगितले. “एकेक माणूस किती वेळ ऐकतो ते.”

“दिपमाला, तू भौतिकशास्त्र शिकलीस, साहित्य नाही,” आबा म्हणाले. “संख्या आली की सरासरी मागोमाग येते.”

संख्या आणण्यासाठी जळगावहून कुंदन आला. त्याच्या कार्डावर ‘श्राव्य प्रसार तज्ज्ञ’ असे छापले होते. वर्षापूर्वी तो ठिबकच्या नळ्या विकायचा. दोन्हीकडे थेंब थेंब मुळापर्यंत पोचवायचे असते, असे तो म्हणे. त्याने पत्रिकेचा पुढचा भाग पाहिला, गणपतीवर बोट ठेवले आणि म्हणाला, “सर, ही प्राइम जागा आहे. इथे क्यूआर कोड. स्कॅन केला की थेट तुमचा आवाज.”

“आणि गणपती?”

“आत घेऊ. बाप्पा समजून घेतात.”

तर गणपती आत गेला आणि पुढे कडेपासून कडेपर्यंत कोड आला. पत्रिका अमळनेरपासून पहूरपर्यंत वाटल्या गेल्या. दहा दिवसांनी कुंदनने ऐकणाऱ्यांचा आकडा उघडला. सहा.

“सहाशे नव्याण्णव पत्रिका,” आबा म्हणाले, “आणि सहा?”

“सर, मार्केट तयार होतंय,” कुंदन म्हणाला.

हे सहाही पत्रिकेवरून आलेले नव्हते. मीच त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवला होता. पण त्यांचे सरासरी ऐकणे सव्वीस मिनिटे होते, हे पाहून मी चकित झाले. मग एकेकाला फोन केला. पहूरचे वनामामा म्हशीचे दूध काढताना लावतात. दोन्ही हात गुंतलेले असतात, बंद करता येत नाही. एक आत्या पापड लाटताना ऐकते, तिचेही हात पिठात. कारण काही असो, सव्वीस म्हणजे सव्वीस.

पत्रिकेवरून कोणीच का येत नाही, हा प्रश्न मला झोपू देईना. उरलेल्या दहा पत्रिका घेतल्या, तीन फोन घेतले. तीस प्रयत्न, यश शून्य. मग पत्रिका उजेडात धरली. चारही कोपऱ्यांवर जाड, ओले लावून वाळलेले हळदकुंकू होते. कोडच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. कोड कुठे सुरू होतो आणि कुठली बाजू वर, हे कॅमेरा त्यांच्यावरून ओळखतो. मधला थोडा भाग खराब झाला तरी चालते, ते तीन मात्र दिसलेच पाहिजेत. नेमके तेच तीन नीट, काठोकाठ भरलेले होते. एक चौकोन पुसला, उघडले नाही. तिन्ही पुसले, उघडले. चौथ्या कोपऱ्यातले कुंकू तसेच ठेवले तरी उघडले.

ओसरीवरच्या त्या पाचजणींत आबांच्या पत्नी केसरबाई काकूही होत्या. मी त्यांच्याकडे पत्रिका नेली.

“काकू, हे चौकोन का भरले?”

“आवं माय, त्या कुंकू लावालेच तर शेतस!” काकू म्हणाल्या. “पण तो प्रेसवाला पहाय कसा शे. तीनच चौकोन छापात, चौथा भुली गया. मंग चौथा कोपराले आम्हीच कुंकू लायं.”

“सगळ्या पत्रिकांना?”

“बठ्ठ्या. एक बी सोडी नही.” काकूंना या कामाचा अभिमान होता आणि काम खरोखर नेटके होते.

मी निष्कर्ष आबांना सांगितला. सोबत दुसरी गोष्टही सांगितली. “आबा, एक विचारू? हे असंच राहू द्या. आज तुमची सरासरी सव्वीस मिनिटं आहे. लोटन नानांची चौदा आहे, मी बघितली. पंचवीस तारखेपर्यंत कोणी नवीन आलंच नाही, तर तुम्ही अध्यक्ष.”

आबांनी चष्मा काढला. “सहा माणसांचा अध्यक्ष? त्यातला एक म्हशीखाली बसलेला?”

“नानांचे अकराच आहेत.”

“म्हणूनच! कुंदन, लग्नात किती माणूस?”

“हजार तरी, सर.”

“हजारांना ऐकव.”

कुंदनने रात्रीत कोडचे स्टिकर छापून आणले. चारशे खुर्च्यांच्या पाठीवर, पाण्याच्या जारवर, पंगतीच्या टेबलांवर, मांडवाच्या खांबांवर. नवरदेवाच्या घोड्याच्या झुलीवरही एक लागला होता, तो घोडेवाल्याने ओरबाडून काढला. स्टिकरच्या वर फक्त ‘स्कॅन करा’ एवढेच लिहिले होते. कशासाठी, हे कुंदनने मुद्दाम गाळले. त्याला तो कुतूहल म्हणत होता.

लग्नात बेचाळीस अंश तापमान होते. पाहुण्यांनी ‘स्कॅन करा’ वाचले आणि सरळ समजले की आहेर आता फोनवरून घ्यायचे ठरलेले दिसते. लग्नघरी चौकोन दिसला की माणूस दुसरे काय समजणार? त्यांनी फोन काढले. रक्कम टाकायची जागा शोधू लागले. त्याऐवजी तबला वाजला आणि आबांचा आवाज आला, “रसिकहो!”

नेमकी मंगलाष्टके चालू होती. भटजींचे ‘सावधान’ संपायच्या आत उजवीकडून ‘रसिकहो’ आले, मग डावीकडून, मग खांबापाशी एकदम चार. प्रत्येक आबा वेगळ्या सेकंदाला सुरू झालेला. एक आबा ‘रसिकहो’ म्हणत असताना दुसरा ‘मानवी जीवन म्हणजे’ इथवर पोचलेला. भटजी थांबले. नवरी अंतरपाटामागून हसली. माणसे घाईघाईने फोन दाबत होती, कोणी खिशात कोंबत होते, एका आजोबांनी फोन टोपीखाली धरला.

लोटन नाना धुळ्याहून आले होते. ते पुढच्या रांगेतून उठले, हातातला फोन आबांसमोर धरला आणि मोठ्याने विचारले, “आबा, हाऊ बंद कसा करतस?”

मांडव हसला. आबा हसले नाहीत. ते व्यासपीठावर युवराजच्या शेजारी उभे होते आणि त्यांच्या हातात कुंदनचा फोन होता.

“सर, दोनशे दहा!” कुंदन खालून ओरडला. “तीनशे!”

“अहो, अक्षता टाका ना,” काकू म्हणाल्या.

“थांब, चारशे होतायत.”

अक्षता पडल्या तेव्हा आबा खाली बघत होते. लग्न लागले, वाजंत्री वाजली, आणि पंगत उठेपर्यंत आकडा पाचशे सत्तेचाळीसवर जाऊन थांबला. आबांनी कुंदनला सगळ्यांदेखत शाल घातली. ती व्याह्यांसाठी आणलेली होती. व्याह्यांना टॉवेल-टोपी मिळाली.

“दिपमाला,” संध्याकाळी आबा मला म्हणाले, “लिहून घे. पाचशे सत्तेचाळीस. अध्यक्षीय भाषणाची सुरुवात यानेच करणार आहे.”

भाषण त्यांनी त्याच आठवड्यात लिहिले. एकतीस पानांचे झाले. मी टंकून दिले.

पंचवीस तारखेला मंडळाचा निकाल आला. पितांबर आबा: श्रोते पाचशे सत्तेचाळीस, सरासरी श्रवण चोवीस सेकंद. लोटन नाना: श्रोते अकरा, सरासरी श्रवण चौदा मिनिटे.