ओल्या गाठोड्याची वाट

या, असे पुढे सरकून बसा. एका पाहणीवाल्याची गोष्ट सांगतो, आणि त्याच्या मानेची.

नदीकाठी परदेशी पैशातून कारखाना उभा राहिला. पैसे घालणाऱ्यांची अट होती: आसपासच्या माणसांच्या हक्कांना कुठे धक्का लागला का, ते तपासून कळवा. त्यासाठी हा नेमलेला. माणूस सरळ, कामाला चोख. कारखान्याच्या कुंपणाने नदीची जुनी वाट अडली होती, नवी वाट टेकाडाला वळसा घालून जायची. तो घड्याळ लावून वस्तीतून नदीपर्यंत उतरला. बारा मिनिटं. दुप्पट करून चोवीस लिहिली. तिसाच्या आत असलं की तक्त्यात ‘परिणाम नगण्य’. आणि परिणाम नगण्य म्हणजे कुंपणाला फाटक नाही.

नदीवर धुणेवाली मावशी सुनेबरोबर कपडे पिळत होती. लोकांच्या धुण्यावरच त्यांची चूल पेटायची.

“झालं का मोजून, साहेब?”

“झालं. चोवीस मिनिटं.”

“परत वर कधी गेलात?”

“वाट तीच की, मावशी. दुप्पट केली.”

मावशी सुनेकडे बघून हसली. “अहो, आणताना कपडे कोरडे असतात. नेताना ओले. वाका जरा.”

दोघींनी गाठोडं त्याच्या डोक्यावर चढवलं. पाणी मानेवरून पाठीत उतरलं. चढाच्या मध्यावर त्याने बसकण मारली.

“घड्याळ थांबवू का?” त्याने मागून येणाऱ्या मावशीला विचारलं.

“का रे बाबा? माझं गिऱ्हाईक थांबतं का?”

एकतीस मिनिटं लागली. तीनदा टेकला. तक्त्यात ओझ्याला रकानाच नव्हता. त्याने समासात लिहिलं, ‘परतीची वाट ओल्या गाठोड्यासह, एकतीस मिनिटं, तीन विसावे. परिणाम गंभीर.’

कचेरीत वरिष्ठ म्हणाले, “हे खोडा. मोजणी रिकाम्या हाताने करतात.”

“रिकाम्या हाताने नदीवर जातं कोण, साहेब?” तो मान चोळत म्हणाला. खोडलं मात्र नाही.

फाटक झालं, पण चौदा महिन्यांनी. तोवर मावशीचे गुडघे गेले होते. पहिल्या दिवशी सून नदीवरून इतक्या लवकर परतली, की दारात बसलेली मावशी म्हणाली, “काय गं, काय विसरलीस?”

फाटकावर पैसे घालणाऱ्यांच्या नावाची पाटी आहे. तिथून गेलात तर ती खुशाल वाचा. पण हात जोडाल तेव्हा देवापाशी त्या मावशीची आठवण काढा, एवढंच मागणं आहे.