धोंडीचं पाणी

मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच चालल्या होत्या. सगळी बार्शीटाकळी आभाळाकडे तोंड करून बसलेली. एकट्या पार्वताबाईला मात्र ढगाचा तुकडासुद्धा नको होता.

कारण तिचा सहदेव जहाजावर होता. गोऱ्या लोकांना बंदरं दाखवत हिंडणारं जहाज, त्यावर हा धोबीकाम करायचा. पोरगा तापानं फणफणलाय, शनिवारी मुंबईला उतरवतो, घ्यायला या, अशी कंपनीची तार आली आणि तिचा नवरा नत्थुजी अकोल्याहून मिळेल त्या गाडीत बसला. इथवर ठीक होतं. पण मागच्या दिवाळीला घरी आला तेव्हा सहदेव बोलता बोलता सांगून गेला होता, की वादळी पावसाचा नुसता अंदाज आला तरी आमचं जहाज बंदराला लागत नाही. भिजायला लागलं की उतारू बोंबा मारतात, त्यापेक्षा कप्तान सरळ पुढचं बंदर गाठतो. तेव्हा हसली होती बाई. आता तेच आठवून ती ताटावरून उठायची.

तिनं मोतीराम मास्तरांना गाठलं. त्यांनी पंचायतीच्या रेडिओवर ऐकलेलं सांगितलं, मुंबईकडे पावसाचा संभव आहे. वर, गाव तहानलेलं म्हणून आनंदानं हेही सांगितलं, की पाऊस आधी मुंबईवर येतो आणि मग आपल्याकडे. झालं! बाईच्या डोक्यात तेच बसलं. म्हणजे इथं कोणी पाऊस बोलावला, तर तो आधी माझ्या लेकराच्या वाटेत उभा राहणार.

आणि नेमकी शुक्रवारी गावानं पाऊस मागायला धोंडी काढली. मुसळाला बेडूक बांधलेला, ते खांद्यावर घेतलेला गडी कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळलेला, मागं अर्धं गाव. दारोदारच्या बाया त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतत होत्या. एकही घर सुटता कामा नये, सुटलं तर पाऊस तिथंच अडतो, अशी गावाची पक्की समजूत.

पार्वताबाईनं दार लावून घेतलं. बाहेर आधी हाका झाल्या, मग थट्टा झाली, मग थट्टाही थांबली. शेवटी उत्तमराव पाटील दाराशी आले. पोरगं बीमार आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, तांब्याभर पाण्यानं त्याचं काही बिघडत नाही, पण पेरण्या खोळंबल्यात, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. दार काही उघडलं नाही. मग आवाज न चढवता ते म्हणाले, "पार्वताबाई, पानी नाही आलं तं हे गाव तुले इसरनार नाही."

"नका इसरू," ती आतून म्हणाली. "माह्यं पोरगं उतरू द्या पहिले."

मुसळ तिच्या दारावरून कोरडंच पुढं गेलं.

शनिवार रखरखीत उजाडला. दुपारी पश्चिमेला काळं भरून आलं, गार वारा सुटला, आणि सगळं गाव अंगणात आलं. पार्वताबाई दारात उभी राहून त्या ढगांना मनातल्या मनात शिव्या घालत होती. ढग तसेच विरून गेले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती गेली तशा बाया घागरी उचलून बाजूला झाल्या. कोणीतरी तिच्या दारात राख टाकून गेलं. तिनं मुकाट्यानं झाडून काढली. काय करायचं ते करा म्हणा, पोरगं तर उतरलं!

मंगळवारी नत्थुजी परतला तो एकटाच. ओसरीवर बसला आणि बसूनच राहिला. तिनं त्याच्यामागं रस्त्यावर लांबवर पाहिलं. कोणी येत नव्हतं.

"पानी आलं का तठी?" तिनं विचारलं.

"थेंब नाही. कडक ऊन होतं."

"मंग जहाज काहून नाही थांबलं?"

"पानी येनार म्हनून खबर होती. तेवढ्यावरूनच वळवलं."

मग त्यानं खाली बघत उरलेलं सांगितलं. धक्क्यावरून त्याला जहाज लांब दिसलं होतं, आणि दिसता दिसता ते निघून गेलं. रविवारी जहाजावरच सहदेवनं प्राण सोडला. पुढचं बंदर दूर, म्हणून त्यांनी त्याला समुद्रात सोडून दिलं. कंपनीच्या ऑफिसातल्या साहेबानं एवढंच सांगितलं होतं.

पार्वताबाईच्या किंकाळीनं गाव गोळा झालं. विहिरीवर बाजूला सरलेल्या बायांनीच तिला धरलं. उत्तमरावही आले आणि उंबऱ्याबाहेर थबकले. बऱ्याच वेळानं तिची नजर त्यांच्यावर गेली.

"तुमचं पानी म्या अडवलं, पाटील," ती म्हणाली. "अन् जे पडलंच नाही, त्या पान्यानं माह्यं लेकरू नेलं."